नऊ मार्चची गैरहजेरी

"मॅडम, कुठे जायचंय तुम्हाला?"

मागून आवाज आला तेव्हा मी मोबाईलमध्ये बघून वेळ वहीत उतरवत होते. सात वाजून बारा मिनिटं.

"नगरला," मी मान वर न करताच म्हणाले.

"मग दुपारी या. या गाडीला इथे थांबा नाही."

आता मात्र मी वळून पाहिलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काखेत गुंडाळलेले दोन झेंडे आणि चेहऱ्यावर नव्या नोकरीचं ताजं गांभीर्य. हिंगणवाडीला नवे स्टेशन मास्तर आलेत हे मी ऐकलं होतं. ते इतके तरुण असतील, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"थांबा नाही?" मी त्याच्या पाठीमागे बोट दाखवलं. "मग ही काय आहे?"

त्याच्या पाठीमागे, अगदी प्लॅटफॉर्मला लागून, अख्खी गाडी उभी होती. जानेवारीच्या धुक्यात तिचे शेवटचे डबे दिसतही नव्हते. एका दारात बसलेला माणूस निवांत शेंगा सोलत होता.

"ही... क्रॉसिंगला उभी आहे. समोरून दुसरी गाडी येतेय. ती गेली की ही सुटेल."

"म्हणजे उभी आहे, पण थांबलेली नाही."

"नियमाप्रमाणे... तसंच," तो म्हणाला, आणि मग ओठ घट्ट दाबून धुक्याकडे बघायला लागला. हसू आवरायचं असलं की माणसं अशीच कुठेतरी बघतात.

मी वहीत लिहिलं — बारा मिनिटं उभी. थांबलेली नाही.

मी सुकन्या. नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कॉलेजची तीन वर्षं मी याच गाडीनं गेले. सकाळी सातला बसायचं, साडेआठला नगरला उतरायचं, संध्याकाळी याच गाडीनं परत. मग लॉकडाऊन आलं, गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आमची पॅसेंजर एक्स्प्रेस झाली होती आणि हिंगणवाडीचं नाव तिच्या वेळापत्रकातून गेलं होतं. आता दोन एसटी बदलून नगरला जायला अडीच तास लागतात. यायला तेवढेच. गावातल्या अकरा मुलींनी नगरचं कॉलेज सोडलं. त्यातल्या चौघींची लग्नंही झाली.

आणि या वर्षी माझी धाकटी बहीण राजनंदिनी बारावीला होती. तिला नगरला फार्मसीला जायचं होतं. अण्णांनी — म्हणजे आमच्या वडिलांनी — एका वाक्यात विषय संपवला होता. "रोजचे पाच तास एसटीत? न्हाई जमायचं."

गावात प्रवासी संघटना होती. सहादेव गुरुजी, आमचे निवृत्त मुख्याध्यापक, तिचे अध्यक्ष. त्यांनी सुंदर अक्षरात एकतीस पत्रं लिहिली होती. उत्तर दरवेळी एकच : थांबा दिल्यास गाडीचा वेळ वाया जाईल, सबब शक्य नाही.

ते उत्तर वाचूनच मला राग आला. आमच्या टप्प्यात रूळ एकच. समोरून गाडी आली की एकीनं बाजूला उभं राहायचं, आणि ही गाडी बाजूला उभी राहायची ती आमच्याच स्टेशनात. वेळ तर रोज इथेच जात होता! मग मी गुरुजींना म्हणाले, "आपण हे लिहून ठेवू." एक जानेवारीपासून मी रोज सकाळी, रविवारीसुद्धा, वही घेऊन प्लॅटफॉर्मवर उभी राहायला लागले. गाडी गेली की धावत जाऊन साडेसातची एसटी पकडायची.

राजनंदिनी म्हणायची, "ताई, उभीच असते ना ती? मग चढायचं गुपचूप. कोण बघतंय?"

"गुपचूप चढायचं असतं तर एकतीस पत्रं कशाला लिहिली असती? आपल्याला चोरून जायचं नाही, नंदू. तिकीट काढून, मान वर करून जायचंय."

दुसऱ्या दिवशी तो मास्तर आपण होऊन माझ्याजवळ आला.

"आज नऊ मिनिटं," तो म्हणाला.

"साडेनऊ."

"तुमच्या मोबाईलचं घड्याळ पुढे आहे."

"तुमच्या रेल्वेचं घड्याळ मागे असेल. सवयीनं."

या वेळी त्यानं धुक्याकडे पाहिलं नाही. सरळ हसला.

त्याचं नाव वैजनाथ खेडकर. पाथर्डी तालुक्यातला, तिसगावजवळच्या एका वस्तीवरचा. रोजची ती दहा-बारा मिनिटं, एवढीच आमची ओळख वाढायची जागा. त्याला सतत काहीतरी काम असायचं — फोन, रजिस्टर, सिग्नल — आणि दोन कामांच्या मधे तो दारात येऊन एखादं वाक्य बोलून जायचा. त्या एका वाक्याचं मी एसटीत खिडकीशी बसून दिवसभराचं काहीतरी करून टाकायचे...

एकदा मी घरच्या बागेतले पेरू नेले. आमच्या राहाता भागात पेरूला काय तोटा! तो दोन पावलं मागे सरकला.

"ही लाच आहे का?"

"लाच मीठ-मिरची लावून देत नाहीत."

त्यानं पेरू घेतला, हुंगला आणि खिशात ठेवला. "ड्यूटीवर खात नाही. संपली की खाईन."

"इतकं नियमानं वागून कंटाळा नाही येत?"

"आमच्या गावाला रेल्वेच नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी पहिल्यांदा रेल्वेत बसलो ते रेल्वेच्याच परीक्षेला जाताना. ही टोपी मला अजून नवीच वाटते. तिच्याशी नीट वागावंसं वाटतं."

 त्या दिवशी वहीत मिनिटं लिहायची राहिली, आणि मला ती त्यालाच विचारावी लागली.

फेब्रुवारी गेला. धुकं विरलं, उसाच्या गाड्यांनी रस्ते भरले. साठ-पासष्ट दिवसांची माझी वही झाली होती. गुरुजी ती चाळून म्हणाले, "बाळ, मेहनत मोठी आहे. पण ते म्हणतील, ही तर घरी लिहिलेली वही. सरकारी कागद पाहिजे."

सरकारी कागद तर होता! प्रत्येक गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, सगळं वैजनाथच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं. आठ मार्चला मी सरळ त्याच्या खोलीच्या दारात गेले.

"त्या पानांचे फोटो काढू द्या ना मला."

तो लिहायचा थांबला. "नाही देता येणार."

"कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना."

"नंदूचं कॉलेज जाईल, मास्तर. अकरा जणींचं गेलंय. तुमच्या एका फोटोनं..."

"सुकन्या..." पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं, आणि तेही भलत्या वेळी. "या पानांवर माझी सही असते. ती मी चोरून दिली तर उद्या त्या सहीला कोण विचारणार? रीतसर मागा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मीच मसुदा सांगतो."

"नको तुमचा मसुदा!" मी म्हणाले. "तुम्हाला टोपी सांभाळायची आहे. सांभाळा."

हे मी काय बोलले ते बोलून झाल्यावर कळलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. पण माघार कशी घ्यायची? मी तरातरा निघून आले.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर गेलेच नाही. सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात बसून चहा प्यायले आणि लांबून इंजिनाचा भोंगा ऐकला. इतका बेचव चहा मी आयुष्यात प्यायले नसेन.

तिसऱ्या दिवशी गेले, पण प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला उभी राहिले. तो दारात आला, थांबला, आत गेला. असे सहा दिवस. या सहा दिवसांत मला एक गोष्ट मात्र हळूहळू उमजत गेली. मी नंदूला जे सांगत होते ना, चोरून जायचं नाही म्हणून... तेच तर तो मला सांगत होता. मग मी चिडले होते कशावर?

सातव्या दिवशी मी त्याच्या दारात गेले.

"मसुदा सांगता का?"

त्यानं खुर्ची पुढे ओढून दिली. नुसतं म्हणाला, "लिहा."

आम्ही दोघांनी मिळून एका कागदावर अर्ज केला. लिहिताना माझं कोपर एकदा त्याच्या हाताला लागलं, आणि पुढच्या दोन ओळींचं अक्षर अगदी बिघडलं. गुरुजींनी विचारलंच, "इथे काय झालं गं?"

"पेन," मी म्हणाले.

तो अर्ज, गावाच्या दोनशे सह्यांची पानं आणि गुरुजींचं बत्तिसावं पत्र एकदम पोचलं. आणि माहितीचं उत्तर यायच्या आधीच चक्क साहेबांचा दौरा ठरला! अकरा एप्रिलला मोठे अधिकारी पाहणीला येणार होते.

त्या सकाळी गाव लोटला. चारशे माणसं तरी असतील. गुरुजींनी आधीच बजावलं होतं, घोषणा नाहीत, रुळावर कुणी उतरायचं नाही. लोक सतरंज्या अंथरून प्लॅटफॉर्मबाहेर शांत बसले होते. ज्या अकरा मुलींचं कॉलेज सुटलं होतं त्यांतल्या सात जणी आल्या होत्या, एकीच्या कडेवर बाळ होतं. अण्णा पेरूची बाग सोडून आले होते. लांब उभे होते, हाताची घडी घालून.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी गुरुजींना खुर्ची दिली, माझी वही हातात घेतली, चाळली.

"चांगली लिहिलीय. पण ताई, घरच्या वहीला आम्ही नोंद म्हणू शकत नाही. क्रॉसिंग काय, कधीतरी होतं. महिन्यातून चार-पाच वेळा. माझ्यासमोरच्या कागदात तसंच आहे."

लोकांत चुळबूळ झाली.  शंभर दिवस, आणि चार-पाच वेळा?

साहेबांनी वैजनाथकडे पाहिलं. "काय मास्तर? बरोबर ना?"

वैजनाथच्या प्रोबेशनचे चार महिने शिल्लक होते, हे मला माहीत होतं. 'हो सर' एवढंच म्हणायचं होतं त्याला. मी मनातल्या मनात म्हणाले, म्हणा, हो म्हणा, मी नाही रागावणार...

"नाही सर," वैजनाथ म्हणाला. "आपली परवानगी असेल तर रजिस्टर आणतो."

साहेब क्षणभर बघत राहिले. "आणा."

तो आत गेला, रजिस्टर घेऊन आला, त्यांच्यासमोर टेबलावर उघडलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागला. आवाज जराही हलला नाही. "एक जानेवारी ते दहा एप्रिल. शंभर दिवस. त्यांपैकी चौऱ्याहत्तर दिवस ही गाडी क्रॉसिंगसाठी इथे उभी होती. सरासरी अकरा मिनिटं. थांब्याला दोन मिनिटं पुरतात, सर."

 साहेबांनी स्वतः पानं उलटली. मग माझी वही पुन्हा उघडली, शेवटच्या पानावरची बेरीज बघितली.

"यांच्याकडे त्र्याहत्तर आहेत. एकाचा फरक कसा?"

"नऊ मार्च, सर," वैजनाथ म्हणाला. "त्या दिवशी गाडी तेरा मिनिटं उभी होती. पण... त्या दिवशी त्या आल्या नव्हत्या."

"हे रजिस्टरमध्ये आहे?"

"नाही, सर."

म्हणाला, आणि मग त्यालाच कळलं तो काय बोलून गेला ते. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.  आधी राजनंदिनी फिस्सकन हसली. मग ती बाळवाली हसली. आणि मग साहेबांनीच रुमाल तोंडाला लावला.

मी खाली बघत होते. मला लाज वाटत होती म्हणायला हवं, पण खोटं कशाला बोलू? मला अभिमान वाटत होता. असा की तो छातीत मावत नव्हता. चारशे माणसांत, साहेबासमोर, हा माणूस एक अक्षर खोटं बोलला नव्हता... माझ्याबद्दलचंसुद्धा.

साहेब गेल्यावर, लोक पांगल्यावर मी त्याच्या खोलीच्या दाराशी गेले. बाहेर कडुनिंबाचा मोहर वाऱ्यावर उडत होता, थोडा त्याच्या टेबलावरही पडला होता.

"नऊ मार्च कसा लक्षात राहिला?"

"तेरा मिनिटं फार मोठी असतात," तो म्हणाला. "रिकामा प्लॅटफॉर्म बघत उभं राहिलं तर."

"मग विचारलं का नाही मला?"

"तुम्ही पार तिकडच्या टोकाला होता. ओरडून विचारायची गोष्ट नव्हती."

"आता मी इथे आहे..."

तो उभा राहिला. टोपी काढून टेबलावर ठेवली. "सुकन्या, मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी 'उभी आहे पण थांबलेली नाही' म्हणालीस, तेव्हापासून." मग घाईघाईनं म्हणाला, "पण आधी ऐक. माझे आई-बाबा ऊस तोडतात. दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात. या तुमच्या शिवारातही दोन हंगाम तोडलाय त्यांनी. मी तेव्हा पाचवीत होतो, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायचो. तुझ्या घरी हे आधी कळायला पाहिजे. आणि ते मीच सांगणार."

"मी नाही म्हणेन असं वाटलं का तुम्हाला?"

"तुझ्याबद्दल नाही वाटलं," तो म्हणाला. "म्हणूनच तर इतकं बोललो."

मी टेबलावरचा मोहर उगाचच गोळा केला. "रविवारी अण्णा घरी असतात," म्हणाले, आणि पळाले.

रविवारी तो खरंच आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि अण्णांना सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच, एक शब्द इकडे-तिकडे न करता. मी आणि नंदू दाराआड श्वास रोखून उभ्या होतो.

अण्णांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"आसाराम नाव का वडिलांचं?"

"हो."

"उंच, सावळा. मुकादमाशी भांडला होता, बायकांना प्यायला पाणी दिलं न्हाई म्हणून. तोच का?"

"तेच."

अण्णांनी मान हलवली. "त्या दिवशी साहेबापुढं... बदली केली असती म्हंजे तुमची?"

"केली असती तर गेलो असतो. रजिस्टरमध्ये होतं तेच वाचलं."

"व्हय," अण्णा म्हणाले.  मग त्यांनी आत हाक मारली, "सुकन्ये! चहा ठेव. आन् मास्तर, आई-वडलांना घेऊन या. बघायचा कार्यक्रम रीतसर झाला पायजे."

चहा ठेवताना माझ्या हातातून साखरेचा डबाच सुटला.

मेच्या अखेरीला थांब्याचा आदेश आला. सहा महिन्यांसाठी, प्रायोगिक. सहा तर सहा! पंधरा जूनला पहिल्यांदा गाडी आमच्या स्टेशनात वेळापत्रकाप्रमाणे थांबली. तिकीट खिडकीवर रांग बाहेरच्या लिंबापर्यंत गेली होती. नंदूनं नवी ओढणी घेतली होती. फार्मसीच्या प्रवेशाचे कागद छातीशी धरून ती दारातून चढली, आणि गुरुजी दर डब्याजवळ जाऊन "नीट बसा, नीट बसा" म्हणत राहिले.  त्या दिवशी एकशे चौदा माणसं हिंगणवाडीहून गाडीत बसली. चौकशी करायची गरज नाही, मी मोजलीत.

आणि संध्याकाळी मी नगर स्टेशनावर त्या दोघांना शोधत होते. वैजनाथचे आई-बाबा. तिसगावहून एसटीनं नगरला आले होते. तो ड्यूटीवर, म्हणून त्यांना आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. बाकाच्या कडेवर, पिशवी मांडीत घेऊन बसलेल्या त्या जोडप्याला मी लगेच ओळखलं. आसारामबाबा तसेच उंच, सावळे. भागूबाई हिरवं लुगडं नेसल्या होत्या, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

मी वाकून नमस्कार केला. "मी सुकन्या."

भागूबाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "तूच का गं ती वहीवाली?"

गाडीत मी त्यांना खिडकीशी बसवलं. त्या पहिल्यांदाच रेल्वेत बसल्या होत्या. गाडी हलली तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि पुढं सोडलाच नाही. बाहेर उसाची शेतं मागं पळत होती.

"या वाटंनं किती येळा आलो आमी," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, भांडीकुंडी, ल्येकरं, समदं घेऊन. तवा ही गाडी शेताकडंनं जायची. वैजू हात करायचा तिला. मी म्हनायची, नगं रं, त्यातली माणसं आपल्याला काय बघत्यात..."

 आसारामबाबा खिडकीबाहेर बघत होते.

हिंगणवाडी आली तेव्हा ऊन उतरत आलं होतं. प्लॅटफॉर्मवर वैजनाथ उभा होता, पांढऱ्या कपड्यांत, हातात हिरवा झेंडा. त्यानं आम्हाला उतरताना पाहिलं. डोळे तेवढे हसले, जागचा मात्र हलला नाही. गाडी सुटायची होती. भागूबाई तशाच उभ्या राहिल्या, माझा हात धरून. सगळी माणसं उतरली, चढली. वैजनाथनं झेंडा वर धरला, पुढं इंजिनानं भोंगा दिला, आणि गाडी हळूहळू निघाली.

"अगं बया," भागूबाई एवढंच म्हणाल्या. डोळ्यांना पदरही लावला नाही. वाहू दिले.

गाडी गेल्यावर तो धावत आला, दोघांच्या पाया पडला. "माझी ड्यूटी आठपर्यंत आहे, आई. तुम्ही पुढं व्हा. मी आलोच." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "सांभाळशील ना?"

"मी नाही, त्यांनीच मला धरलंय," मी म्हणाले.

अण्णा फाटकापाशी उभे होते. डोक्यावर ठेवणीतला फेटा. ते पुढं आले आणि आसारामबाबांच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली. बाबा सोडेनात. "असूं द्या, मालक, असूं द्या..."

"मालक कशाला म्हनता," अण्णा म्हणाले, आणि पिशवी घेतलीच.

नंदू मैत्रिणींबरोबर कधीच पुढं गेली होती, आम्ही चौघं रस्त्यानं निघालो. पारावर बसलेल्या म्हाताऱ्या रंगुबाईंनी लांबूनच अण्णांना विचारलं, "रंगनाथ, पाहुणे कुठले रं?"

आसारामबाबा थबकले. त्यांना ती जागा ओळखीची असणार, याच पारावर कधीतरी टोळीसाठी पाणी मागितलं असेल. त्यांनी नकळत अण्णांपासून एक पाऊल मागं घेतलं.

अण्णांनी थांबून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना आपल्या बरोबरीला आणलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले —

"तिसगावचे. आपल्या स्टेशन मास्तरांचे आई-वडील. माझे व्याही."

अजून बघायचा कार्यक्रमसुद्धा झाला नव्हता! भागूबाईंनी माझा हात दाबला, आणि आसारामबाबा ताठ मानेनं अण्णांच्या शेजारून चालायला लागले.